झडतीवाली आत्या

माझी आत्या अकरा वर्षं परक्या बायकांच्या अंगाला हात लावून पोट भरत होती. हे वाक्य मी सात वर्षांची असताना वर्गात, 'माझ्या घरातली माणसं' या विषयावर बोलताना, मोठ्या अभिमानानं म्हटलं आणि बाईंनी मला ताबडतोब खाली बसवलं. त्यात वावगं काय होतं ते मला आजही कळलेलं नाही. आत्या बंदरावरच्या कस्टमच्या चौकीत बायकांची झडती घ्यायची. पुरुषांना तपासायला चार माणसं होती. बायकांना तपासायला दोघी, एक आत्या आणि दुसरी जाड भिंगांच्या चष्म्याची एक बाई. ही दुसरी वर्षातले चार महिने आजारी असायची आणि उरलेले आठ महिने आजाराबद्दल बोलायची. म्हणजे काम करणारी आत्याच.

बाबा मी दोन वर्षांची असताना गेले. आत्या त्यांची धाकटी बहीण, बिनलग्नाची. ती चार दिवस सोबतीला म्हणून आली आणि राहिली ती राहिलीच. दोन खोल्यांचं आमचं घर होतं. पुढच्या खोलीत आईचा आणि माझा पलंग, मागच्या खोलीत चूल, टेबल, आणि भिंतीला लागून आत्याची खाट. आई एका धुलाईच्या दुकानात इस्त्रीला जायची. दोघी एका वयाच्या, त्यामुळे त्यांचं अगं-तुगं होतं. आई 'वन्सं' म्हणाली की समजायचं, एक तर ती थट्टा करतेय नाहीतर भडकलीय.

आत्याच्या नाकावर माशी बसलेली चालायची नाही. दूधवाला असो, घरमालक असो, समोरचा चुकला की ती तिथल्या तिथे त्याचं माप काढायची. घरातही तिचा दरारा होता. आई चार गोष्टी चुलीवर ठेवून पाचवी शोधत असायची आणि आत्या एका भांड्यासमोर पहारा दिल्यासारखी उभी राहायची, तरी तिचंच करपायचं. स्वयंपाकात ती ठार आंधळी होती. पण कामाच्या बाबतीत मात्र तिच्यासारखी तीच.

तिच्या कामाची एक पद्धत होती. ती चौकीत जाताना एक काचेची बाटली न्यायची, जुन्या मोज्यात घातलेली. तिथे गेल्यावर त्यात गरम पाणी भरायचं आणि प्रत्येक झडतीच्या आधी दोन्ही हात त्या बाटलीवर धरून शेकायचे. बाहेर रांग खोळंबलेली असली, साहेब हाका मारत असले, तरी हात गरम झाल्याशिवाय ती कुणाला हात लावायची नाही. बाकीचे तिला हसायचे. ती म्हणायची, "आधीच परका हात, त्यातून गार. कुणालाही वाटेल, अंगावर पाल पडली."

आणखी एक गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती, फक्त आम्हाला ठाऊक होती. ती म्हणायची की माल कुठे आहे ते हाताला कळायच्या आधी अंगच सांगतं. ज्या बाईकडे लपवायला काही नसतं ती हात लागताच आक्रसते, हसते, चिडते, 'अहो' म्हणते. जिच्याकडे काही असतं ती श्वास रोखून ठोकळ्यासारखी उभी राहते. "देवमूर्तीसारखी शांत बाई दिसली की मी समजते," आत्या सांगायची, "आता हिच्या कोटाचं अस्तर बघायचं."

माझ्या आईला गुदगुल्या म्हणजे भयंकर. शिंपीणबाईनं कमरेचं माप घ्यायला फीत काढली की आई खिडकीपर्यंत मागे जायची. आत्यानं जाता जाता तिच्या बरगडीला नुसतं बोट लावलं तरी ती अशी किंचाळायची की खालच्या मजल्यावरचे म्हातारे गृहस्थ काठीनं छत ठोकायचे. मग दोघी तोंडावर हात दाबून हसायच्या आणि मी, काय झालं ते न कळता, त्यांच्याहून जास्त हसायचे.

पुढचं सगळं मला दोघींनी वेगवेगळं सांगितलंय, आणि दोघींनी दोष आपल्याकडेच ओढून घेतलाय. त्यामुळे खरं काय ते मी मधलं धरते.

आईची एकुलती एक बहीण, म्हणजे माझी मावशी, समुद्रापलीकडे राहायची. तिचं पोटाचं ऑपरेशन झालं म्हणून आई तीन आठवडे तिच्याकडे गेली. मावशीच्या नवऱ्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. गोड बोलणारा माणूस. गोड बोलणाऱ्या माणसांबद्दल माझं मत वाईट आहे ते त्याच्यामुळेच. परतायच्या आदल्या दिवशी त्यानं आईपुढे एक कापडी पट्टा ठेवला. त्यात लहान लहान कप्पे शिवलेले, आणि प्रत्येक कप्प्यात हातघड्याळाची दोन-दोन यंत्रं, कागदात गुंडाळलेली. इकडच्या एका घड्याळजीला ती नेऊन द्यायची होती. आईनं आधी कानांवर हात ठेवले. त्यावर तो म्हणाला, "अगं, झडती घेणारी तुझी नणंदच ना? मग तुला कोण हात लावतंय?" आणि मग सहज बोलल्यासारखं म्हणाला, "तुझी बहीण अजून महिनाभर अंथरुणात आहे. सगळं मलाच बघायचंय."

एवढं पुरलं. बहीण त्याच्या घरात, त्याच्या हाती. आईनं पट्टा कमरेला बांधला. आत्याला विचारायचा प्रश्नच नव्हता, कारण आत्या काय म्हणाली असती ते तिला माहीत होतं. आपण कुणाच्या नावावर हे करतोय हे मात्र तिनं बोटीत बसेपर्यंत मनात येऊ दिलं नाही. बोट सुटल्यावर ते आलं, आणि मग ती सबंध प्रवासभर उलट्या करत होती. लोकांना वाटलं, बोट लागली.

त्या दिवशी चौकीला वरून हुकूम आला होता की बोटीतल्या प्रत्येकाची झडती घ्यायची. चष्मेवाली बाई नेहमीप्रमाणे आजारी. आत्या सकाळपासून पडद्याच्या आत उभी होती. आतली जागा एवढीशी, एक टेबल, एक बाक, कोट टांगायला दोन खुंट्या, एक दिवा. तिनं सतरा-अठरा बायका तपासल्या, हात शेकले आणि "पुढची" म्हणून हाक मारली. पडदा सरकवून आई आत आली.

आई दोन दिवसांनी येणार असं पत्र होतं. तिला पाहून आत्याला इतका आनंद झाला की ती आपलं काम, आपली रांग, सगळं विसरली. नियम असा होता की नात्यातलं कुणी आलं तर झडती घ्यायची नाही, साहेबांना सांगायचं. पण आत्याच्या मनात शंका असती तर ना तिनं सांगितलं असतं! तिच्या दृष्टीनं ती रोजच्या कामाच्या मधोमध भेटलेली वहिनी होती. आल्या आल्या छेडावं म्हणून तिनं दोन्ही हात नेहमीच्या जागी, बरगडीखाली लावले, आणि आता ही किंचाळणार म्हणून आधीच हसायला लागली.

आई हलली नाही. ठोकळ्यासारखी उभी राहिली.

आत्या मला म्हणाली होती, "माझ्या हाताला पट्टा लागला तो नंतर. त्याच्या आधीच मला कळलं होतं."

तिनं हात काढून घेतले. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. बाहेर माणसं सामान ओढत होती, कुणाचं तरी मूल रडत होतं. मग आत्या अगदी हळू म्हणाली, "बाटली गार झालीय. मी पाणी भरून आणते." आणि ती बाहेर गेली.

याचा अर्थ आईला लगेच कळला, कारण चौकीच्या गोष्टी आमच्या घरी रोज जेवताना व्हायच्या. झडतीच्या आधी माणसानं स्वतःहून काढून दिलं तर माल जप्त व्हायचा, दंड व्हायचा, आणि माणूस घरी जायचा. झडतीत सापडलं तर खटला आणि तुरुंग. आत्या परत आली तेव्हा पट्टा टेबलावर होता. तिनं नोंदवही ओढली आणि लिहिलं, 'स्वतःहून काढून दिले.' अकरा वर्षांत तिनं लिहिलेली ही पहिली खोटी ओळ. तिचं अक्षर एरवी कोंबडीचे पाय, पण ती ओळ तिनं इतकी सुबक लिहिली की साहेबांना तिथेच संशय आला.

साहेब म्हणजे चौकीचे मुख्य. जाडजूड, मंद चालणारे, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. त्यांनी दोघींना आपल्या खोलीत बोलावलं, पट्टा उलटसुलट करून पाहिला, नोंद वाचली आणि आत्याला विचारलं, "या तुमच्या वहिनी ना?"

"हो."

"मला आधी सांगायला हवं होतं."

"हो."

"आणि हे यांनी काढून दिलं ते कधी? तुम्ही हात लावायच्या आधी की नंतर?"

आत्यानं उत्तर ठरवलं होतं. नोकरी गेली तर जावो, पण मला आईशिवाय ठेवायचं नाही, हे तिनं पाणी भरतानाच ठरवलं होतं. तिनं तोंड उघडलं.

"नंतर," आई म्हणाली. "यांनी हात लावला, यांच्या हाताला पट्टा लागला. मग मी काढलं."

"घाबरलीय ती, साहेब," आत्या घाईघाईनं म्हणाली. "काहीही बोलतेय. बोट लागलीय तिला."

"वन्सं, तुम्ही गप्प बसा," आई म्हणाली.

साहेबांनी चष्मा काढला. "बाई, तुम्ही काय बोलताय ते कळतंय ना तुम्हाला? घरी लहान मुलगी आहे ना तुमच्या?"

"आहे," आई म्हणाली. "म्हणूनच सांगतेय. मी यांना न विचारता यांच्या नावावर हे आणलं. यांना मात्र मी यात ओढणार नाही."

साहेबांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी ती सुबक ओळ एका रेघेनं खोडली आणि स्वतःच्या हातानं खाली दुसरी लिहिली. आत्याला एक लेखी ताकीद मिळाली, नातं कळवलं नाही म्हणून. आईला दोन महिने मिळाले. मावशीचा नवरा तिकडे, दुसऱ्या देशात. त्याचं काही वाकडं झालं नाही. त्यानं एक पत्र पाठवलं, त्यात यंत्रांची चौकशी होती.

मी पुष्कळ वर्षांनी आईला विचारलं होतं, असं का केलंस म्हणून. ती इस्त्री करत होती. ती म्हणाली, "तुझ्या आत्याला मी ओळखते. तिनं ते एकदा खोटं पचवलं असतं, तर पुढे कुठल्याही बाईला हात लावताना तिला ते आठवलं असतं. आपल्या वहिनीला सोडलं आणि हिला धरतेय, असं. तिला नवरा नाही, मूल नाही. ते काम होतं. तेही मी घ्यायचं?" मग कॉलर उलटी करून म्हणाली, "आणि दोन महिने काय, निघून जातात." जात नाहीत. मला चांगलं आठवतंय.

मला सांगितलं होतं की आई मावशीकडेच राहिलीय. पण शाळेत दुसऱ्याच दिवशी एका मुलीनं मला सगळं सांगितलं, वर, "तुझ्या आत्यानंच पकडलं," हेही. मी घरी आले आणि आत्याशी बोलणं बंद केलं. मी हट्टी होते. अजूनही आहे. नऊ दिवस मी एक शब्द बोलले नाही. ती अंडं उकडून द्यायची, मी खायचे नाही. ती माझे बूट पुसून ठेवायची, मी दाराबाहेर जाऊन ते मुद्दाम भिंतीला घासायचे. दूधवाल्याला फाडून खाणारी बाई माझ्यासमोर मान खाली घालून बसायची, आणि मला त्यातही तिचा रागच यायचा.

दहाव्या दिवशी मी तोंड उघडलं ते भांडायलाच. म्हटलं, "तू खोटं का नाही बोललीस?"

आत्या खाटेवर बसून माझ्या कोटाला बटण लावत होती. तिनं सुई खाली ठेवली. "बोलले होते गं," ती म्हणाली. "तुझ्या आईनं टिकू दिलं नाही."

मला वाटलं, ही आता आईवर ढकलतेय. मी रविवारी तुरुंगाच्या भेटीच्या खोलीत, जाळीला नाक लावून, आईला पहिला प्रश्न हाच विचारला. आई हसली. ती बारीक झाली होती आणि तिचे केस कुणीतरी वाकडेतिकडे कापले होते. "हो," ती म्हणाली, "मीच तोंड उघडलं. आत्याला त्रास दिलास का?"

"थोडा," मी म्हटलं.

"किती थोडा?"

मी मागे वळून पाहिलं. आत्या लांब दाराजवळ उभी होती. आमचं बोलणं ऐकू येऊ नये म्हणून ती भिंतीवरचा कागद तिसऱ्यांदा वाचत होती. आईनं तिला हाक मारली, तरी ती जाळीपाशी आली नाही. हात हलवून बाहेर निघून गेली.

त्या दिवसापासून मी आत्याच्या खाटेवर झोपायला लागले. तिची खाट अरुंद, तिचे गुडघे टोकदार, आणि ती झोपेत "कोट काढा" म्हणायची. तरी मला तिथे झोप लागायची. तिनं मला वजाबाकी शिकवली, शिट्टी वाजवायला शिकवली, माझा पडलेला दात आईला दाखवायला काडेपेटीत ठेवला. मी तिला अंडं किती वेळ उकडायचं ते शिकवलं. आम्ही दोघी मिळून दिवस काढले, आणि खरं सांगायचं तर ते दिवस वाईट नव्हते. मला आई हवी होती आणि तरी मी आत्याजवळ सुखात होते. सात वर्षांच्या पोरीला या दोन गोष्टी एकत्र कशा ठेवायच्या ते कळत नाही. मला वाटायचं, मी आईशी लबाडी करतेय.

आई सुटायची होती त्या सकाळी मला जाग आली तर खाट रिकामी. आत्या टेबलाशी तिची तपकिरी बॅग भरत होती. बॅगेचं कुलूप तुटलेलं, म्हणून तिनं वरून दोरी बांधली. घर लख्ख केलं होतं, चुलीवर पाणी तापत होतं.

"कुठे चाललीस?"

"चौकीमागे एक खोली मिळालीय. कामाला जवळ पडेल."

"आईला माहितेय?"

"कळेल." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "जिला मी धरून दिलं, तिच्या घरात तिच्यासमोर कशी जेवू? तू मोठी झालीस की कळेल."

मला ते तेव्हाही कळत नव्हतं आणि मोठी झाल्यावरही पटलं नाही. मी रडले, दोरी ओढली, बॅगेवर बसले. तिनं मला उचलून बाजूला ठेवलं. आई येऊन मला ताब्यात घेईपर्यंत थांबायचं आणि मग निघायचं, असं तिचं ठरलं होतं. तिची ठरलेली गोष्ट कुणाच्या बापाला हलवता यायची नाही.

आई अकराच्या सुमाराला आली. तिनं मला उचललं, मी मोठी झाले होते तरी उचललं, आणि माझ्या डोक्यावरून तिला दाराशी ठेवलेली बॅग दिसली. तिनं मला खाली ठेवलं, बॅग उचलून टेबलावर ठेवली आणि दोरीची गाठ सोडायला लागली.

"वहिनी, राहू दे," आत्या म्हणाली.

आईनं एकेक वस्तू बाहेर काढली. कामावर घालायचे दोन काळे झगे. कंगवा. गरम मोजे. मोज्यातली बाटली. लेखी ताकीद, चार घड्या घातलेली. आत्या एका हातानं दुसरं मनगट धरून उभी होती. झडतीच्या टेबलासमोर माणसं अशीच उभी राहत असणार. तिनं अकरा वर्षांत शेकडो बायकांना असं उभं केलं होतं, पण आज तिलाच हात कुठे ठेवावेत ते सुचत नव्हतं.

बॅगेच्या तळाशी एक टॉवेल होता, घट्ट गुंडाळलेला. आईनं तो उलगडला. आत माझा फ्रॉक होता, रात्री झोपताना घालायचा, पिवळा. खांद्यावर दुधाचा डाग. धुतलेलासुद्धा नव्हता.

"हे काय आहे?" आईनं विचारलं.

आत्याचा चेहरा पांढराफटक पडला. "चुकून आलं असेल."

"चुकून कसं येतं ते मला नको सांगूस. मी दोन महिने तेच भोगून आलेय."

मी आत्याकडे बघत होते. दोन महिने रोज कपडे धुणारी बाई हा एकच फ्रॉक धुवायला का विसरली होती, ते मला समजलं नाही. आईला समजलं. तिनं फ्रॉक नाकाशी नेला, तसाच थोडा वेळ धरला. दोन महिने तिलाही माझा तो वास मिळाला नव्हता. मग तिनं फ्रॉकची घडी घातली आणि तो बॅगेत न टाकता आत्याच्या हातात दिला.

"ठेव तुझ्याकडे," आई म्हणाली. "पण इथे राहून ठेव."

आत्या मटकन खुर्चीवर बसली, फ्रॉकमध्ये तोंड घातलं आणि रडायला लागली. तिला रडताना मी तोवर कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे मी घाबरले. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि मला म्हणाली, "जा, दूध घेऊन ये." मी भांडं घेऊन जिन्यावरून धावत गेले आणि धावत परत आले, अर्धं दूध सांडवत, कारण मला दोघीही घरात हव्या होत्या आणि माझा दोघींपैकी एकीवरही अजून भरवसा बसला नव्हता. दोघी होत्या.